७५१ रुग्ण आणि एक आश्रम: ‘वाईल्ड वाईल्ड कंट्री’ डॉक्टरच्या नजरेतून



गेली काही वर्षं ओपीडीत एक प्रश्न अधूनमधून येतो. पोटाची तक्रार सांगून झाली, औषधं लिहून झाली, की उठता उठता एखादा तरुण विचारतो, ‘डॉक्टर, ते ओशोंवरचं नेटफ्लिक्सवरचं पाहिलंत का? त्यात लोकांच्या जेवणात विष घातल्याचं दाखवलंय, ते खरं आहे का हो?’

खरं आहे. फक्त ते विष म्हणजे रसायन नव्हतं, जिवंत जिवाणू होते. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जिवाणूचे सख्खे चुलतभाऊ. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या ‘द डॅल्स’ नावाच्या गावात त्यांनी ७५१ माणसं आजारी पाडली. ‘वाईल्ड वाईल्ड कंट्री’ ही २०१८ सालची मालिका सहा भागांची, सहा तासांहून अधिक लांबीची आहे. तिला एमी पुरस्कारही मिळाला. पण तिचा बहुतेक वेळ आश्रमाचे लोक, शेजारचे गावकरी, वकील आणि पोलीस यांच्यात जातो. आजारी पडलेल्यांच्या वाट्याला त्यात फार थोडा वेळ आला आहे. डॉक्टर म्हणून मला मालिकेत सगळ्यात जास्त रस वाटला तो नेमका याच भागात. म्हणून आज औषधांऐवजी इतिहास.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. ओशोंना मानणारे, त्यांची प्रवचनं ऐकणारे वाचक इथे आहेत, काही माझे जुने रुग्णही आहेत. हा लेख त्यांच्या तत्त्वज्ञानाबद्दल नाही. रजनीशांवर या विषबाधेचा खटला कधीच चालला नाही, तेव्हा त्याबद्दल तर्क लढवणं माझं काम नाही. न्यायालयात आणि वैद्यकीय नियतकालिकात जे नोंदलं गेलं, तेवढंच सांगतो.

उघडं दार आणि उघडं टेबल

सॅलड बार हा प्रकार आपल्या सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. उपाहारगृहाच्या मध्यभागी एक लांब टेबल, बर्फावर ठेवलेली भांडी, त्यात चिरलेल्या भाज्या, उकडलेले बटाटे, कडधान्यं, वर ओतायला दाटसर चटण्या. ज्याला जे हवं ते त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. वाढपी नाही, राखण नाही. लग्नातला बुफे आठवा, फक्त इथे सगळं न शिजवलेलं आणि गार.

आपण शनिशिंगणापूरच्या पंचक्रोशीतले लोक असल्या व्यवस्थेचा अर्थ इतरांपेक्षा लवकर ओळखू. ज्या गावात घरांना दाराऐवजी चौकटच असते, जिथे यूको बँकेनं २०११ मध्ये कुलुपाशिवाय शाखा उघडली, तिथे सगळा कारभार एकाच गृहीतकावर चालतो: येणारा माणूस वाईट हेतूनं आलेला नाही. आपल्याकडे त्या विश्वासामागे शनिदेवाचा धाक असतो, असं म्हणतात. द डॅल्सच्या सॅलड बारमागे असा कुठलाच धाक नव्हता. दुसऱ्याच्या ताटात कुणी मुद्दाम रोग कालवेल, हे तिथे कुणाच्या मनातच येत नव्हतं, एवढंच.

कोरेगाव पार्क ते ऑरेगन

हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९७४ साली पुण्याच्या कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला. भगवे कपडे आणि गळ्यात माळ घातलेले परदेशी संन्यासी तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर सर्रास दिसत. आश्रमाचं स्थानिकांशी आणि सरकारशी जमलं नाही, करांचे वाद झाले, १९८० साली एका माणसानं प्रवचनात रजनीशांवर चाकूही फेकला. जून १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या लोकांनी ऑरेगनमध्ये सुमारे ६४ हजार एकरांचं एक ओसाड कुरण विकत घेतलं. शंभर चौरस मैल जमीन! तिथे त्यांनी धरण बांधलं, शेती केली, रस्ते आणि विमानाची धावपट्टी तयार केली आणि ‘रजनीशपुरम’ नावाचं शहर उभं केलं. विनोद खन्ना हा आपला नट तिथे माळीकाम करत होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

सगळा कारभार रजनीशांची सचिव मा आनंद शीला हिच्या हाती होता. ती मूळची गुजरातची. जमिनीच्या वापराच्या नियमांवरून सरकारशी वाद सुरू झाला आणि वाढत गेला. शेजारी अँटेलोप नावाचं जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीचं खेडं होतं. तिथे संन्याशांनी घरं घेतली, मतदार म्हणून नावं नोंदवली आणि गावाचं मंडळ जिंकलं. पुढे गावाचं नावच बदलून ‘रजनीश’ केलं. दुसऱ्या बाजूनंही प्रेमाचा वर्षाव होत नव्हता. आश्रमाच्या लोकांना उघड धमक्या येत. जुलै १९८३ मध्ये त्यांच्या पोर्टलंडमधल्या हॉटेलात एका कट्टरपंथीयानं बॉम्बस्फोट केला. त्यानंतर आश्रमानं स्वतःच्या सुरक्षा दलासाठी शस्त्रं जमवायला सुरुवात केली. त्याच वर्षी राज्याच्या महाधिवक्त्यांनी, डेव्हिड फ्रोनमायर यांनी, धर्म आणि शासन एकत्र करणारं हे शहर राज्यघटनेत बसत नाही असं मत दिलं. १९८४ उजाडलं तेव्हा एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला बंदुका बाळगणारा आश्रम, आणि मध्ये घाबरलेले शेतकरी असं चित्र होतं.

आता निवडणूक. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी रचना. वास्को काउंटीचं मंडळ तीन जणांचं, आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये त्यातल्या दोन जागांची निवडणूक होती. त्या दोन मिळाल्या की बांधकामाच्या परवानग्यांचा प्रश्न मिटला. त्यासाठी आश्रमानं अमेरिकेच्या मोठमोठ्या शहरांतून दोन हजारांहून अधिक बेघर माणसं बसमध्ये भरून आणली. वरवर कारण परोपकाराचं, पण ती माणसं मतदार म्हणूनही मोजली जाणार होती. आणि विरोधी मतदार? ते बहुतेक काउंटीच्या मुख्य गावात, म्हणजे द डॅल्समध्ये राहत होते. मतदानाच्या दिवशी तेच अंथरुणावर पडून राहिले तर?

पाहुण्याला दिलेलं पाणी

पहिला प्रयोग सॅलडवर झालाच नाही. २९ ऑगस्ट १९८४ रोजी काउंटी मंडळाचे सदस्य पाहणीसाठी आश्रमात आले होते. ऊन कडक. त्यांना प्यायला पाणी देण्यात आलं. त्यांतले दोघे, विल्यम हल्स आणि रेमंड मॅथ्यू, त्यानंतर आजारी पडले. हल्स यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, त्यांच्या जिवावरच बेतलं होतं.

दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी द्यायचं, ही आपल्याकडची रीत. वैऱ्यालाही पाणी नाकारत नाहीत. मालिका बघताना मी बंदुकांच्या दृश्यांपाशी थांबलो नाही. या पाण्याच्या पेल्यापाशी मात्र थांबलो.

टायफॉइडचा चुलतभाऊ

आता थोडं वैद्यकीय. ‘साल्मोनेला’ हे जिवाणूंचं एक मोठं कुटुंब आहे. त्यातला ‘टायफी’ नावाचा सदस्य टायफॉइड करतो. तो फक्त माणसांत राहतो, आतड्यातून रक्तात जातो आणि आठवडे ताप देतो. द डॅल्समध्ये सापडलेला सदस्य होता ‘टायफिम्युरियम’. नावात साम्य आहे, पण हा कोंबड्या, अंडी, गुरं यांच्यातही असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत आतड्यातच धुमाकूळ घालून निघून जातो. पोटात गेल्यावर साधारण ६ ते ७२ तासांत जुलाब, ताप, पोटात मुरडा, उलटी सुरू होते. कधी शौचातून रक्त पडतं. चार ते सात दिवसांत बहुतेक रुग्ण बरे होतात. पण तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर स्त्री, मधुमेह किंवा कर्करोगामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण, यांच्या बाबतीत तो रक्तात शिरू शकतो आणि जीवही घेऊ शकतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो रोज भेटतो. असे जुलाब झाल्यावर ‘विडाल करून घ्या’ म्हणत कुणी लॅबमध्ये गेलं, तर त्यातून काही हाती लागत नाही. ती टायफॉइडसाठीची तपासणी आहे, आणि टायफॉइडसाठीसुद्धा तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. इथे लागतं ते शौचाचं कल्चर. उपचार म्हणाल तर बहुतेकांना पाणी आणि क्षार पुरतात: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, किंवा सरळ ओआरएसचं पाकीट. धडधाकट माणसाला प्रतिजैविकांची सहसा गरज नसते. उलट त्यांच्यामुळे जिवाणू शौचातून जास्त दिवस बाहेर पडत राहू शकतो.

साथ

द डॅल्स हे कोलंबिया नदीकाठचं सुमारे दहा हजार वस्तीचं गाव. एवढ्या लहान गावात साल्मोनेलाचे रुग्ण वर्षाकाठी मोजकेच असत. ९ सप्टेंबर १९८४ पासून एकामागून एक रुग्ण येऊ लागले. एका उपाहारगृहात जेवलेले, मग दुसऱ्या, मग तिथे काम करणारे. १८ सप्टेंबरपर्यंत पहिली लाट, आणि ती ओसरते न ओसरते तोच १९ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरपर्यंत दुसरी, पहिलीहून मोठी. एकूण ७५१ रुग्ण, ४५ जण रुग्णालयात दाखल. नवजात बाळापासून ८७ वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्या वयांचे. कुणी दगावलं नाही. तिथे सलाईन होतं, खाटा होत्या, डॉक्टर होते. हीच साथ त्याच साली आपल्याकडच्या एखाद्या दूरच्या वाडीवर आली असती तर शेवट असा झाला असता, असं मला वाटत नाही.

स्थानिक आरोग्य अधिकारी, राज्याचा आरोग्य विभाग आणि अटलांटाचं रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, असे सगळे कामाला लागले. त्यांनी काय केलं हे मला सावकाश सांगायचं आहे, कारण साथीचा तपास म्हणजे सूक्ष्मदर्शकातून बघणं, असा लोकांचा समज असतो. खरं काम वही-पेनाचं असतं. आजारी पडलेल्यांना विचारायचं: कुठे जेवलात, काय खाल्लंत? मग त्याच ठिकाणी जेवून ठणठणीत राहिलेल्यांनाही तेच विचारायचं. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. जे पहिल्या यादीत पुन्हा पुन्हा येतं आणि दुसरीत येत नाही, तिथे संशय धरायचा.

याद्यांमधून एकच गोष्ट वर आली, ती म्हणजे सॅलड बार. साथ मुख्यतः दहा उपाहारगृहांशी जोडलेली होती. त्या दहांपैकी आठ ठिकाणी सॅलड बार होता. गावातल्या उरलेल्या २८ उपाहारगृहांपैकी मात्र फक्त तीन ठिकाणी होता. इतपर्यंत चित्र स्वच्छ होतं. त्यापुढे गोंधळ सुरू झाला. एका ठिकाणी संशयित पदार्थ एक, दुसऱ्या ठिकाणी वेगळाच. सगळ्यांना माल पुरवणारा कुणी एक व्यापारी नाही. पाणी तपासलं, ते ठीक. एकच भाजी, एकच दूध, एकच मसाला असा दुवाच सापडेना. नेहमीची साथ अशी वागत नाही. खराब अंड्यांची खेप आली तर त्या खेपेचा माग लागतो. इथे दहा वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत, वेगवेगळ्या पदार्थांत, एकच जिवाणू, जवळजवळ एकाच वेळी.

मग उरले कोण? कामगार. उपाहारगृहांतले बरेच कर्मचारी स्वतः आजारी होते. सॅलड बारवर बर्फ कमी पडत होता, जुनं संपवण्याआधी नवं वर घातलं जात होतं, अशा त्रुटीही सापडल्या. राज्याच्या अहवालात बोट हात न धुणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे गेलं. आश्रमाबद्दल गावात कुजबुज होती, पण अधिकाऱ्यांकडे पुरावा नव्हता, कुणी जबाबदारी घेतली नव्हती, आणि असं पूर्वी कधी घडल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

डॉक्टर म्हणून मला त्यांचं वागणं कळतं. आम्हाला शिकवतातच असं: आधी नेहमीचं कारण शोधा, दुर्मीळ नंतर. पण या शहाणपणाची किंमत कुणी मोजली? ज्यांचं पोट हातावर होतं त्यांनी. वर्षभर त्या गावातले वाढपी, आचारी आणि भांडी घासणारे ‘तुमच्या घाणेरड्या हातांनी गाव आजारी पाडलं’ हा डाग घेऊन वावरले. त्यांच्यातले कितीतरी स्वतः साथीत आजारी पडलेले होते. आपल्याकडे महाप्रसादानंतर लोकांना उलट्या-जुलाब झाले की पहिली शिवी आचाऱ्याच्या वाट्याला येते. तेव्हा मला हे लोक आठवतात.

एक माणूस मात्र गप्प बसला नाही. ऑरेगनचे काँग्रेस सदस्य जेम्स वीव्हर यांनी तीच आकडेवारी वाचली आणि २८ फेब्रुवारी १९८५ रोजी अमेरिकेच्या संसदेत भाषण केलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. दहा वेगळ्या ठिकाणचे कामगार एकाच वेळी, एकाच प्रकारच्या जिवाणूनं, एकाच प्रकारचं टेबल दूषित करतील हे पटण्यासारखं नाही. हे कुणीतरी मुद्दाम केलं असणार. त्यांना वेड्यात काढलं गेलं. एका अल्पसंख्य धर्मावर आकसानं चिखल उडवतात, असंही म्हटलं गेलं.

दवाखान्याच्या आतून

सप्टेंबर १९८५ च्या मध्याला शीला आणि तिचे जवळचे सहकारी अचानक युरोपला निघून गेले. दोनच दिवसांनी रजनीशांनी स्वतः पत्रकारांना बोलावून तिच्यावर विषप्रयोगाचे, फोन चोरून ऐकल्याचे आरोप केले आणि सरकारनं तपास करावा असं सांगितलं. ज्या दारातून पोलिसांना वर्षभर आत जाता येत नव्हतं ते असं आतूनच उघडलं. २ ऑक्टोबरला, योगायोगानं गांधी जयंतीला, तपास पथकानं आश्रमाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेची झडती घेतली. तिथे साल्मोनेला टायफिम्युरियम सापडला. तो साथीतल्या रुग्णांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला तेव्हा दोन्हींत काही फरक करता आला नाही.

हा जिवाणू चोरून आणलेला नव्हता. प्रयोगशाळांना आपल्या तपासण्या बरोबर चालल्या आहेत ना हे बघण्यासाठी ओळखीचे जिवाणू विकत मिळतात, आणि आश्रमाची आरोग्यसंस्था रीतसर चालणारी होती. तिची सूत्रं मा आनंद पूजा या परिचारिकेकडे होती. आश्रमाचे लोक साधे कपडे घालून गावात गेले आणि पातळ, तपकिरी द्रव चटण्यांत आणि कॉफीत घालायच्या दुधात मिसळून आले, असं पुढे साक्षींतून उघड झालं. बेघर माणसं आवरेनाशी झाली तेव्हा त्यांच्या बिअरमध्ये हॅलोपेरिडॉल हे गुंगी आणणारं मानसिक आजाराचं औषध मिसळलं गेलं. जुलै १९८५ मध्ये रजनीशांच्या खासगी डॉक्टरांना भर उत्सवात अॅड्रिनलिनचं इंजेक्शन टोचून मारण्याचा प्रयत्न झाला. ते वाचले. ज्या औषधानं आम्ही अॅलर्जीच्या झटक्यात माणूस वाचवतो, तेच हे औषध.

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारं हेच आहे. बंदुकांवर सरकारची नजर होती. दवाखान्याकडे कुणाची नजर नव्हती, कारण दवाखान्यावर कोण संशय घेतो? १९७८ साली गयानातल्या जोन्सटाउन वसाहतीत ९०० हून अधिक माणसं सायनाइडनं मेली. तिथेही ते पेय वसाहतीच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली तयार झालं होतं. बंदिस्त समूहात डॉक्टर किंवा नर्स यांचा वरिष्ठ तोच असतो जो सगळ्यांचा वरिष्ठ असतो. बाहेरची वैद्यकीय परिषद नाही, दुसरं मत घ्यायला दुसरा दवाखाना नाही, नातेवाईक प्रश्न विचारायला येत नाहीत. आमच्या धंद्यावर जे चार लगाम असतात ते तिथे एकदम सुटतात. आश्रम असो, वसतिगृह असो की व्यसनमुक्ती केंद्र, आपलं माणूस तिथे ठेवताना एवढं जरूर विचारा: त्याला बाहेरच्या डॉक्टरकडे जाता येतं का, आणि आपण न सांगता भेटायला गेलो तर चालतं का?

गोळी सुटली नाही, ती का?

मालिका पाहणाऱ्या माझ्या एका मित्राचा प्रश्न होता: एवढा शस्त्रसाठा, एवढा द्वेष, आणि तरी रक्तपात झाला नाही, हे कसं? प्रश्न रास्त आहे. कारण याच अमेरिकेत आठ वर्षांनी टेक्सासमधल्या वेको इथे नेमकं उलट घडलं. ‘ब्रँच डेव्हिडियन’ पंथाच्या वसाहतीवर शस्त्रांच्या तपासासाठी २८ फेब्रुवारी १९९३ रोजी सरकारी पथकानं धाड घातली. गोळीबारात चार अधिकारी आणि पंथाची सहा माणसं मेली. मग ५१ दिवस वेढा. वाटाघाटी करणाऱ्यांनी बोलून बोलून ३५ जणांना बाहेर काढलं, त्यांत २१ मुलं होती. पण वेढा घालणाऱ्यांचा धीर सुटला. १९ एप्रिलला चिलखती गाड्यांनी भिंती फोडून अश्रुधूर सोडला गेला, आग लागली आणि ७६ माणसं मेली. त्यांतही वीसहून अधिक मुलं. त्यावरही माहितीपट निघाले. १९९७ चा ‘वेको: द रूल्स ऑफ एंगेजमेंट’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं आणखी एक मालिका केली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर हरियाणातलं बरवाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये रामपाल यांना न्यायालयाच्या आदेशानं अटक करायला पोलीस गेले, तेव्हा हजारो भक्त आश्रमात होते. दोन दिवसांच्या त्या पेचात पाच स्त्रिया आणि एक तान्हं मूल दगावलं. रामपाल यांना पुढे २०१८ मध्ये या मृत्यूंप्रकरणी जन्मठेप झाली.

ऑरेगनमध्ये नशिबाचा वाटा होताच. ऑक्टोबर १९८५ च्या अखेरीस रजनीश स्वतःच छोट्या विमानानं आश्रम सोडून निघाले आणि दूर नॉर्थ कॅरोलायनात शार्लट विमानतळावर पकडले गेले, म्हणून आश्रमात शिरून अटक करण्याची वेळ आली नाही. पण त्याआधीची चार वर्षं सरकारनं घाई केली नाही, हेही खरं. लढाई जमिनीच्या नियमांवर, मतदार नोंदणीवर, व्हिसाच्या कागदांवर लढली गेली. कंटाळवाणी लढाई. माहितीपटात ती दाखवायलाही फारशी चांगली दिसत नाही. बेघर मतदारांचा बेत असाच उधळला: राज्याच्या सचिव नॉर्मा पॉलस यांनी प्रत्येक नव्या मतदाराची पात्रता तपासली जाईल असा नियम केला, आणि सगळी योजना तिथेच बसली. मतदानाच्या दिवशीची मोठी विषबाधा झालीच नाही. सॅलड बार ही तिची रंगीत तालीम होती.

रजनीशांनी इमिग्रेशनच्या गुन्ह्यांत तडजोड केली, चार लाख डॉलर दंड भरून देश सोडला. ते १९८७ मध्ये पुण्याला परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी तिथेच गेले. शीला आणि पूजा यांना जर्मनीत अटक झाली. दोघींनी १९८६ मध्ये गुन्हे कबूल केले. शिक्षा वीस वर्षांपर्यंतची होती, प्रत्यक्षात सुमारे २९ महिन्यांत सुटल्या. शीला नंतर स्वित्झर्लंडमध्ये वृद्ध आणि अपंगांची शुश्रूषागृहं चालवू लागली. यावर काय म्हणावं ते तुमचं तुम्ही ठरवा.

या साथीचा शास्त्रीय अहवाल ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तो थेट ऑगस्ट १९९७ मध्ये, तब्बल तेरा वर्षांनी. वाचून कुणाला तशीच कल्पना सुचू नये, ही भीती होती. त्या अहवालानं एक गोष्ट स्पष्ट केली: आजारी कामगारांमुळे साथ सुरू झाली असं दाखवणारा पुरावा नव्हता. बर्फ कमी असल्यानं जिवाणू वाढायला मदत झाली असेल, पण त्यामुळे साथ उद्भवली नसती. द डॅल्सच्या आचाऱ्यांना आणि वाढप्यांना निर्दोष ठरवणारं हे वाक्य छापून यायला इतकी वर्षं लागली. काहींची उपाहारगृहं तोवर बंद पडली होती.

आपल्या महाप्रसादापुरतं

शनी अमावास्येला आपल्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी होते. रसवंत्या, भेळेच्या गाड्या, गावोगावचे भंडारे, सप्ताहाच्या पंगती. इथे होणारी विषबाधा जवळजवळ नेहमी साधीच असते. सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत उन्हात राहिलेलं, विहिरीचं न शुद्ध केलेलं पाणी, रसातला बर्फ. तिथे कटकारस्थान शोधू नका आणि व्हॉट्सअॅपवर कुणाचं नाव घेऊन फिरवू नका. आचाऱ्यालाही लगेच झोडू नका. त्याऐवजी दोन कामं करा. पंगत सुरू करताना प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी स्वच्छ झाकणाच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. आणि एकाच पंगतीतल्या दोन घरांत जुलाब सुरू झाल्याचं कळलं, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करा, कोण कुठे काय जेवलं ते आठवतंय तोवर कागदावर लिहून ठेवा. न जेवलेल्यांचीही नावं लिहा, ती तितकीच कामाची असतात.

दवाखान्यात आलात की ओआरएस लगेच सुरू करायचं. पण जुलाबातून रक्त पडत असेल, ताप जास्त असेल किंवा एकाच पंगतीतले बरेच जण आजारी असतील, तर शौचाचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी द्या. मेडिकलमधून आधीच दोन गोळ्या घेऊन आला असाल, तर तेही आम्हाला सांगा.